प्रकरण चौदा : डबल बेल

प्रफुल्ल पाचला येतो म्हणालेला आणि उगवला अडीचला. वर सोबत मोजपट्टीवाला मिस्त्री.

नीला दारातच उभी होती, पण ती दिराची वाट बघत नव्हती, तिच्या क्लासातल्या तानाजी शेडगेची बघत होती. तानाजीचा तीन वाजता लॅपटॉपवर इंटरव्ह्यू होता आणि आदल्या दिवशी उत्तरं म्हणून दाखवताना त्याची बोबडी वळलेली. त्यात आता हे.

"भाऊजी, पाचचं ठरलेलं ना आपलं?"

"अगं, घोडबंदरला रविवारचा ट्रॅफिक लागेल म्हणून लवकर निघालो, तर रस्ता मोकळा. आता काय रेल्वे फाटकापाशी बसू अडीच तास?" प्रफुल्ल बूट काढता काढता हसला. "हे आपले मिस्त्री. पाच मिनिटं माप घेतील. काच कुठं, एसी कुठं, रिसेप्शनचं टेबल कुठं. बास."

रिसेप्शनचं ते टेबल नीलासाठी होतं.

आता ही खोली म्हणजे काय फार मोठा महाल नव्हता. दिवा स्टेशनच्या पूर्वेला, तळमजला, दहा बाय चौदा. नीलाचे सासरे सखारामबाबा तांबे एसटीतून निवृत्त झाले तेव्हा जे काही हातात आलं त्यातून त्यांनी वरचं घर आणि खालची ही खोली घेतलेली. आत चार बाकं, एक फळा, कोपऱ्यात पाण्याचं निळं पिंप, कारण दिव्यात नळावर भरवसा ठेवून कोणी जगत नाही. आणि डोक्यावरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक दोरी. दोरीच्या टोकाला, फळ्याच्या वर, पितळेची घंटा. बाबांची शेवटची गाडी भंगारात निघाली तेव्हा ठाण्याच्या खोपट डेपोतल्या मेकॅनिकने ती खोलून त्यांच्या हातात ठेवली होती. कंडक्टरकी केली चौतीस वर्षं. एक टोला, थांबव. दोन टोले, जाऊ दे.

नीलाचा अख्खा इंग्रजीचा क्लास त्या दोरीवर चालायचा. उभं राहायचं आणि बोलायचं. अडकलास की बाई दोन टोले देणार, म्हणजे जाऊ दे, पुढं काढ. चुकलास तर घंटा नाही. चूक म्हणजे खड्डा. खड्डा लागला म्हणून कुठला ड्रायव्हर गाडी सोडून घरी जातो? एक टोला फक्त तुझा स्टॉप आला की. मग तू बस, दुसरा चढेल. सात वर्षांत या खोलीतून भाजीवाल्या शिकल्या, वॉचमन शिकले, आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या मुली शिकल्या. कोणी साहेब झालं नाही, पण साहेबासमोर मान खाली घालायचं बऱ्याच जणांनी बंद केलं.

प्रफुल्लच्या मात्र ही घंटा डोक्यात जायची.

"बाबा, जेवलात?" त्याने आत येऊन विचारलं.

सखारामबाबा भिंतीला लागून खुर्चीत बसलेले. वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट. "जेवलो. तू कागद आणलायस ना, तो दाखव."

प्रफुल्लने बॅगेतून संमतीपत्र काढलं. विमा कंपनीतून वेळेआधी बाहेर पडल्यापासून तो घरी बसून होता. त्यातून कुठल्याशा मोठ्या स्पोकन इंग्लिश अकॅडमीची शाखा काढायचं त्याच्या मनाने घेतलं. त्याला जागा हवी होती. बाबा तीन रविवारांपूर्वी बोलून गेले होते की करतो सही. बापाचं काळीज, थोरला रिकामा बसलेला बघवत नव्हता.

"वहिनीला मी काढत नाहीये हं," प्रफुल्ल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. नीलाला तो लोकांसमोर वहिनी म्हणायचा, एरवी नाव घ्यायचा. "पालक येणार, त्यांच्याशी मराठीत बोलायला कोणीतरी लागतंच. टीचर अकॅडमीवाले पाठवतील. प्रोनन्सिएशन वगैरे प्रॉपर."

शेवटच्या बाकावर नीलाचा नवरा सुगत बसलेला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर. तो म्हणाला, "दादा म्हणतोय ते बरोबरच असेल."

सुगतचं हे वाक्य नीलाने बावीस वर्षांत इतक्यांदा ऐकलेलं की तिला त्याचा रागही येईनासा झालेला. थोरल्याला बाबांनी ठाण्यात इंग्रजी शाळेत घातलं, धाकट्याच्या वेळेला झेपलं नाही, तो गेला नगरपालिकेच्या शाळेत. त्या एका गोष्टीवरून या घरात किती ताटं थंड झाली ते मागे येऊन गेलंय. दोघं भाऊ मोठे झाले, डोक्यावरचे केस गेले, पण सुगत अजून दादाच्या पुढ्यात पाटी घेऊन उभाच.

आणि गंमत बघा, या घरात इंग्रजी शिकवायला लागली ती सून. नवी नवरी म्हणून खोपटला आली तेव्हा प्रफुल्ल जेवताना मुद्दाम इंग्रजी झाडायचा आणि ती ताटात बघायची. दुसऱ्याच आठवड्यात सासरे ड्युटीवरून येताना कोणा पॅसेंजरने सीटवर टाकलेला इंग्रजी पेपर घेऊन आले. पाच शब्दांखाली रेघ मारलेली. "सूनबाई, रोज पाच पॅसेंजर चढवायचे. उतरू द्यायचे नाहीत." ते स्वतः सातवी पास.

मिस्त्रीने मोजपट्टी ताणली. ती नेमकी दोरीला अडकली.

"ही काढावी लागेल," मिस्त्री म्हणाला.

"काढायचीच आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"थांब," बाबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण एकाच टोल्यासारखा होता, सगळे थांबले.

"सही करतो म्हणालोय मी, नाही म्हणत नाही. पण आज तानाजीची गाडी सुटतेय. ती आधी बघू. तिकडून इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईनं त्याला इंग्रजीत पास केला, तर खोलीला हात लावायचा नाही. नापास केला, तर पेन दे, इथंच सही करतो."

प्रफुल्लच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याने तानाजीला एकदा जिन्यात इंग्रजी बोलताना ऐकलेलं. "चालेल बाबा. फेअर आहे."

"काही चालणार नाही!" नीला पुढं आली. "बाबा, माणसावर पैज नका लावू. त्याच्या पोटाचं आहे ते. मागच्या वर्षी एकदा नापास झालाय. आता झाला तर परदेशी पाठवणारा एजंट पुन्हा नाव घेणार नाही."

"पैज नाही सूनबाई, चेकिंग आहे. चेकर चढल्याशिवाय कंडक्टर खरा का खोटा कळत नाही."

नीलाने सासऱ्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "मग त्याला यातलं अक्षर कळता कामा नये. तो माझ्या खोलीसाठी बसणार नाही, त्याच्या पोरांसाठी बसणार."

"बरोबर," बाबा म्हणाले. "हे मला सुचायला हवं होतं."

तेवढ्यात तानाजी आला. आणि आला तो कडक इस्त्रीच्या खाकी कपड्यांत, छातीवर बिल्ला लावून.

"अरे तानाजी, हे काय?" नीलाच्या तोंडून निघालंच. "शर्ट-पँट म्हणालेले ना मी?"

"ड्रायव्हरचा इंटरव्ह्यू म्हटल्यावर खाकीच ना बाई? आमच्या मालननं पाटेपासून दोनदा इस्त्री मारली."

"ब्लेझर-बिझर घालायचा ना राव," प्रफुल्ल म्हणाला.

"ब्लेझर घालून क्लच दाबता येत नाही साहेब," तानाजी म्हणाला, पण घाम मात्र त्याच्या कानामागून ओघळत होता.

तानाजी हल्ली कंपनीची स्टाफ बस चालवायचा. त्याआधी चार वर्षं एसटीत कंत्राटावर कल्याण-मुरबाड मारलेलं. गाडीवर त्याचा हात असा की पाण्याचा ग्लास ठेवला तर हलणार नाही. आणि आता समुद्रापलीकडच्या एका बेटावर, माल्टाला, बस ड्रायव्हर हवे होते.

"माल्टा म्हणजे मोसंबीची जात ना रे?" बाबांनी त्याचा ताण हलका करायला विचारलं.

"बेट आहे बाबा."

"बेटाला किती स्टॉप?"

"गेल्यावर मोजतो."

नीलाची पोरगी मृणाल वरून लॅपटॉप घेऊन उतरली. ठाण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, इंग्रजी माध्यमातली. आईच्या क्लासला ती मैत्रिणींमध्ये 'डबल बेल इंग्लिश' म्हणायची. नीलाला ते माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे तिने पोरीला कधी कळू दिलं नव्हतं.

"काका, यांना खरंच टाय नाही?" मृणालने प्रफुल्लकडे बघून डोळे मिचकावले. काका-पुतणीचं जमायचं. "आई, आणि प्लीज ती घंटा नको आज. शेम होईल."

"नाहीच आहे," नीला म्हणाली. तिने दोरी वर उचलून भिंतीतल्या खिळ्याला दोन वेढे देऊन अडकवली, बरोब्बर सासऱ्यांच्या डोक्यावर. "आज हिला कोणी हात लावायचा नाही. त्या बाईला वाटेल देवळात बसलाय."

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती एकट्या नीलाला माहीत होती. खोली जाणार असं कानावर आल्यापासून ती घाबरलेली. आणि घाबरून तिने जे सात वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. तानाजीला बत्तीस उत्तरं लिहून दिली. नंबर टाकून. एक, नाव. दोन, गाव. तीन, लायसन. ती सगळी त्याच्याकडून घोकून घेतली. पंधरा दिवस तिने दोरीला हात लावला नव्हता. चुकला की थांब, पुन्हा पहिल्यापासून म्हण.

तीन वाजले. मृणालने बटण दाबलं. पडद्यावर पांढरे आखूड केस आणि मोठ्या चष्म्याची एक बाई आली.

"गुड मॉर्निंग, मिस्टर शेडगे."

"गुड आफ्टरनून मॅडम!" तानाजी खणखणीत म्हणाला.

बाई थबकली. तिकडं अजून सकाळ आहे हे नीलाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बत्तीस उत्तरं लिहिली आणि घड्याळ बघायचं राहिलं.

"सॉरी मॅडम, गुड मॉर्निंग मॅडम," तानाजीने सावरलं. पण पहिलाच गिअर चुकीचा पडलेला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिसऱ्याच्या जागी तिने पाचवं विचारलं, तर याने तिसरं सांगितलं. बाईने भुवया वर केल्या. मागच्या बाकावर प्रफुल्लने खिशातून पेन काढून त्याचं टोपण उघडलं.

आणि तेवढ्यात गल्लीत टँकरने हॉर्न दिला.

दिव्यात टँकर आला की काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. पन्नास हंडे, शंभर बायका, आणि प्रत्येकीचं म्हणणं की नंबर माझाच. बाहेर एकदम कालवा झाला. कोणीतरी रिकामं पिंप गडगडवत दारावरूनच नेलं. पडद्यावरची बाई कानाला हात लावून म्हणाली की मला काही ऐकू येत नाहीये.

"संपलं," प्रफुल्ल पुटपुटला.

सुगत उठला. नीलाला वाटलं, गेला आपलं पिंप भरायला. तो दार ओढून घेऊन बाहेर गेला. खिडकीच्या फटीतून तिला दिसलं ते तिने आयुष्यात बघितलं नव्हतं. नवरा टँकरच्या चाकावर चढून उभा. हात जोडलेले नाहीत, वर केलेले.

"ए, आवाज बंद! आत आपल्या तानाजीची परीक्षा चाललीय! भांडण नंतर करा, पाणी आता भरा, पण मुक्यानं!"

"कोन तानाजी? खाकीवाला?" केशरबाईचा आवाज. स्टेशनबाहेर भाजी विकणारी, चारच्या बॅचला पहिल्या बाकावर बसणारी. "ए बायांनो, जिचा हंडा वाजंल तिचा नंबर शेवटी! मी सांगते!"

आणि खरंच, गल्ली गप झाली. दिव्यात टँकर रिकामा होतोय आणि ऐकू येतोय नुसता पाइपमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज, असं कोणी सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

"ओके," बाई म्हणाली. तिने कागद बाजूला ठेवला, आणि तेच वाईट झालं. "टेल मी अबाऊट अ डिफिकल्ट पॅसेंजर, मिस्टर शेडगे. समवन यू रिमेंबर."

त्रास देणारा पॅसेंजर. लक्षात राहिलेला. बत्तीस उत्तरांत हे नव्हतं.

तानाजीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नीलाला त्याच्या मानेची शीर दिसत होती. ओठ हलत होते, आतल्या आत तो उत्तरांचे नंबर चाचपत होता, सात, आठ, नऊ. पाच सेकंद गेले. दहा गेले. मृणालने खाली बघितलं. पडद्यावरची बाई म्हणाली, "मिस्टर शेडगे? आर यू देअर?"

नीलाला वाटलं, धावत जावं आणि त्या बाईला सांगावं की चूक माझी आहे, याची नाही.

टण्ण. टण्ण.

सखारामबाबा उभे होते. खुर्चीला एक हात, दुसरा वर. खिळ्याचे वेढे कधी सोडवले, देव जाणे. त्यांचे डोळेही नीट उघडे नव्हते. गाडी बंद पडलीय, पॅसेंजर खोळंबलेत, आणि हात आपोआप दोरीला गेला, एवढंच.

"बाबा!" प्रफुल्ल दबक्या आवाजात ओरडला.

"व्हॉट वॉज दॅट?" पडद्यातून प्रश्न आला. "दॅट बेल?"

आणि तानाजी हसला. अहो, खरंच हसला. खांदे खाली आले. हात गुडघ्यावरून सुटले आणि स्टिअरिंग धरल्यासारखे समोर आले.

"मॅडम, दिस इज बस बेल. माय कंट्री, कंडक्टर पुल द रोप. वन बेल, स्टॉप. टू बेल, गो. आय वॉज स्टॉप. सो ओल्ड मॅन गिव्ह मी टू बेल." त्याने मान वळवून बाबांकडे हात केला. "ही इज कंडक्टर. थर्टी फोर इयर्स. ही इज टेलिंग मी, तानाजी, गो."

बाई पुढं वाकली. "इज ही?"

"येस मॅडम. नाऊ आय गो. डिफिकल्ट पॅसेंजर." त्याने एक श्वास घेतला. "वन मॅन. डेली. मुरबाड बस. ही हिट माय केबिन, धाड धाड. लाइक दिस. एव्हरीबडी से, मॅड मॅन, थ्रो हिम आउट. आय ऑल्सो अँग्री. वन डे आय लुक हिज फेस इन मिरर. मॅडम, ही वॉज नॉट मॅड. ही वॉज अफ्रेड."

"अफ्रेड ऑफ व्हॉट?"

"ही कॅनॉट हिअर. डेफ. ही कॅनॉट हिअर बेल. ही थिंक, माय स्टॉप गो, माय स्टॉप गो. सो ही हिट." तानाजीचा आवाज आता डेपोत गप्पा मारताना असतो तसा झालेला. "सो आय टेल कंडक्टर, फॉर दिस मॅन, नो बेल. आय गिव्ह लाइट. इनसाइड लाइट, ऑन ऑफ, ऑन ऑफ. टू टाइम. ही सी लाइट, ही गेट डाऊन. आफ्टर दॅट ही नेव्हर हिट. एव्हरी डे ही गेट डाऊन, ही डू लाइक दिस." तानाजीने उजवा हात छातीवरच्या बिल्ल्यावर ठेवला. "लास्ट डे ऑफ माय ड्युटी, ही ब्रिंग मँगो. वन बॅग."

"गेव्ह. ब्रॉट," प्रफुल्ल सवयीने पुटपुटला.

बाबांनी मान न वळवता विचारलं, "गाडी थांबली का रे?"

इंग्रजी प्रफुल्ललाच सगळ्यांत चांगलं कळत होतं, म्हणून गाडी कुठं पोचलीय हेही त्यालाच आधी कळलं. नीलाने बघितलं, त्याने पेनाचं टोपण हळूच परत लावलं.

पडद्यावरच्या बाईने चष्मा काढून पुसला. मग ती पुष्कळ बोलली, सावकाश. तिचे वडीलही त्या बेटावर बस चालवायचे, तेव्हाच्या जुन्या गाड्यांनाही दोरीची घंटा होती, म्हणाली. नंतर दोन-चार प्रश्न विचारले, रस्त्याचे, ब्रेकचे, म्हाताऱ्या पॅसेंजरचे. तानाजी चुकत गेला आणि चालत गेला. खड्डा आला, आपटला, पुढं काढली. शेवटी ती म्हणाली की गाडी चालवायची परीक्षा आणि मेडिकल बाकी आहे, ते एजंट कळवेल. "बट द इंग्लिश इंटरव्ह्यू, मिस्टर शेडगे, यू हॅव पास्ड. अँड प्लीज थँक युवर कंडक्टर."

पडदा काळा झाला.

मग मृणाल किंचाळली आणि आईच्या गळ्यात पडली. "आई! पास! अगं तो पास झाला! मम्मा, तुझी घंटा!" पोरगी रडत होती का हसत होती, नीलाला कळेना.

बाहेर खिडकीला कान लावून बसलेल्या केशरबाईने खबर गल्लीत सोडली. मघापासून मुक्या राहिलेल्या बायकांनी हंडे, कळश्या, झाकणं, जे हातात होतं ते वाजवायला सुरुवात केली. टँकरवाल्याने हॉर्न दाबला तो सोडेचना.

तानाजी बाबांच्या पायाशी वाकला. बाबांनी त्याला दंडाला धरून वर ओढलं. "पाया नको पडूस. हात मिळव. आपण एका खात्यातले."

"बाई," तानाजी नीलाकडे वळला, "ती बत्तीस उत्तरं मला एकपण आठवली नाही हो."

"बरं झालं," नीला डोळे पुसत म्हणाली. "माझीच चूक होती ती. मी घाबरले. पुन्हा नाही करणार."

मिस्त्री मोजपट्टी हातात धरून मघापासून फळ्याला चिकटून उभा होता. त्याने विचारलं, "साहेब, माप लिहू का खोडू?"

उत्तर बाबांनी दिलं. "प्रफुल्ल, तो कागद आण."

प्रफुल्लने संमतीपत्र पुढं केलं. बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. तिकिटं पंच करायचा चिमटा बाहेर आला, दांडे झिजून चकचकीत झालेला. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी हा चिमटा खिशात असल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत, त्यावरून सगळे त्यांना हसायचे. त्यांनी कागदाला एक भोक पाडलं. टक्. दुसरं पाडलं. टक्. सहीच्या जागेवर तिसरं. मग कागद प्रफुल्लच्या हातात परत दिला.

"हे तिकीट वापरलेलं आहे. आता यावर कोणाला प्रवास करता येणार नाही."

प्रफुल्लने कागदाच्या भोकांतून बापाकडे बघितलं. वाटलं, आता हा चिडणार, बूट घालणार आणि निघणार. तोंड त्याचं तसंच झालेलं. सहा महिने घरात बसलेला माणूस, त्याच्या हातातली एकुलती एक गोष्टही गेलेली.

नीला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, काच बसवायची नाही. एसी पण नको. पण तुमचं इंग्रजी मला हवंय."

"माझं?" तो कसंनुसं हसला. "मी फक्त 'गेव्ह' म्हणू शकतो गं. त्या माणसाने 'गिव्ह' म्हणून पास होऊन दाखवलं."

"तेच. त्याला तिकडं गेल्यावर 'गेव्ह' पण लागेल. मी पोरांना बोलायला लावते, रंधा मारायला मला जमत नाही. ते तुम्ही करा. रविवारी दोन तास या. टीचर म्हणून, मालक म्हणून नाही."

"आणि घंटा?"

"घंटा राहणार. घंटेखालीच शिकवायचं."

प्रफुल्लने बूट घातले नाहीत. भिंतीपाशी, बाबांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभा राहिला.

चारची बॅच आत आली. ओल्या साड्या, ओले पाय, दारात हंड्यांची रांग. केशरबाई आपल्या जागेवर बसली. "काय गो बाय, आज गाडी हाय का सुट्टी?"

"गाडी आहे," नीला म्हणाली. "कोण चढणार पहिलं?"

सगळ्यांच्या मागून, कमरेपर्यंत भिजलेला, सुगत पुढं आला.

सात वर्षं बायको खाली शिकवत होती आणि हा वरच्या घरात टीव्हीचा आवाज वाढवून बसायचा. लाज वाटायची त्याला. दादाच्या समोर तर इंग्रजीत त्याने कधी 'थँक्यू'सुद्धा म्हटलं नव्हतं. आता दादा चार हातांवर उभा होता आणि हा फळ्यासमोर, पँटमधून पाणी गळतंय.

"माय नेम," सुगत म्हणाला, "इज सुगत सखाराम तांबे. आय वर्क... आय वर्क इन..."

अडकला. नजर दादाकडे गेली, लहानपणापासून जायची तशीच. ओठ मिटले. नीलाने दोरीसाठी हात वर केला, पण दोरी तिच्यापासून लांब होती, बाबांच्या खुर्चीवर लोंबत. बाबांनीही हात हलवला नाही. ते नुसते थोरल्या मुलाकडे बघत राहिले.

प्रफुल्लने वर बघितलं. दोरी धरली. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने आयुष्यात ती कधी ओढलेली नव्हती, किती जोर लावायचा हेही त्याला माहीत नव्हतं. त्याने दोनदा ओढली, इतक्या जोरात की दुसऱ्या वेळी दोरीच्या टोकाचा वरचा खिळाच निघून आला.

टण्ण. टण्ण.

"गो, सुगत," तो म्हणाला. "गो."